पोरांना नको असलेली ख्रिसमस गिफ्ट्स ऑनलाइन विकायची कशी? यूकेतल्या मराठी आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

वसईकडच्या मंडळींच्या घरी ख्रिसमस सण म्हणूनच असतो, बाकी आपल्यासारख्यांच्या घरी तो शाळेच्या, शेजारच्यांच्या आणि ऑफिसच्या निमित्ताने शिरतो, पण गिफ्ट्स सगळ्यांकडेच येतात. त्यात भारतातून मामा, आत्या ऑनलाइन ऑर्डर करून थेट इथल्या पत्त्यावर पाठवतात. मग २६ डिसेंबरला, बॉक्सिंग डेला बघावं तर एकच पझल दोनदा आलंय, एक खेळणं वयाच्या मानाने लहान पडतंय, आणि एकाकडे पोराने ढुंकूनही बघितलं नाहीये. अशा वेळी जे प्रश्न पडतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहितेय. सगळं यूकेपुरतं आहे, दुसऱ्या देशात नियम वेगळे असतात.

कोणी प्रेमाने दिलेलं गिफ्ट विकायचं, हे बरं दिसतं का?

मला विचाराल तर हो, चालतं, फक्त त्यातही दोन प्रकार आहेत. दुकानातून आणलेलं, कुठल्याही मुलाला चाललं असतं असं खेळणं कपाटात दोन वर्षं पडून राहण्यापेक्षा दुसऱ्या पोराच्या हातात गेलेलं केव्हाही चांगलं. पण आजीने डोळ्यांना त्रास होत असताना विणलेला स्वेटर, काकाने स्वतःच्या हाताने बनवलेली लाकडी गाडी, नाव कोरलेली वस्तू, हे विकायचं नाही. स्वेटर आखूड झाला असेल तर धुऊन, घडी घालून ठेवा.

पोराला विचारायलाच हवं का? ते तर चार वर्षांचं आहे.

हवंच, माझ्या मते हा या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. गिफ्ट मुलाला दिलंय म्हणजे ते मुलाचं आहे, आपलं नाही, आपण फक्त सांभाळणारे. आपल्याकडे पोरांच्या वस्तू परस्पर उचलून कामवाल्या मावशींच्या मुलाला किंवा गावाकडे देऊन टाकायची सवय असते, हेतू चांगलाच असतो, पण मूल तीन महिन्यांनी "माझी ती निळी गाडी कुठाय" विचारतं तेव्हा आपल्याकडे उत्तर नसतं. चार वर्षांच्या मुलाला ऑनलाइन विक्री कळणार नाही, पण "हे तुला हवंय का, की दुसऱ्या मुलाला देऊया आणि त्या पैशातून तुला हवं ते आणूया" एवढं नक्की कळतं. नाही म्हणालं तर नाही, विषय संपला. हो म्हणालं तरी ते खेळणं आठवडाभर बाजूला ठेवा, कारण २६ तारखेला नको असलेलं खेळणं पाऊस लागून घरात अडकल्यावर ३० तारखेला अचानक लाडकं होतं.

सँटाने आणलेलं असेल तर? पोरगी विचारेल ना, सँटाचं कसं विकायचं?

लहान मूल मनापासून मानत असेल तर सँटाच्या नावाने आलेलं गिफ्ट विक्रीला काढूच नका, त्याऐवजी नातेवाईकांकडून आलेलं, डबल झालेलं काढा. एका खेळण्याच्या दहा-बारा पौंडांसाठी तिचा तो आनंद घालवायचं काही कारण नाही.

विकायच्या आधी दुकानात परत करता येणार नाही का?

आधी हेच बघा, कारण दुकानात पूर्ण किंमत मिळते आणि ऑनलाइन बहुतेक वेळा मिळत नाही. पण इथे एक गैरसमज आहे. दुकानात जाऊन घेतलेली वस्तू "आवडली नाही" म्हणून परत घेण्याची कायद्याने दुकानावर सक्ती नाहीये, ती त्यांची स्वतःची पॉलिसी असते. वस्तू खराब निघाली तर गोष्ट वेगळी, मग कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ प्रमाणे ३० दिवसांत पूर्ण पैसे परत मागता येतात, पण तो हक्क ज्याने विकत घेतली त्याचा, म्हणजे गिफ्ट देणाऱ्याचा. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूला घरी आल्यापासून १४ दिवसांत कारण न देता ऑर्डर रद्द करता येते, तोही हक्क घेणाऱ्याचाच, आणि मामाने नोव्हेंबरातच मागवून ठेवलं असेल तर ख्रिसमसला खोकं उघडेपर्यंत ते १४ दिवस उलटून गेलेले असतात. दिलासा एवढाच की बरीच मोठी दुकानं ख्रिसमसच्या खरेदीला परतीची मुदत जानेवारीपर्यंत वाढवून देतात. खोक्यात गिफ्ट रिसीट आहे का बघा, तिच्यावर किंमत नसते पण बदली वस्तू किंवा दुकानाचं क्रेडिट मिळतं. पॅकिंगचा कागद फेकून देण्याआधी नीट झटकून बघा, रिसीट हमखास त्यातच अडकलेली असते.

कुठे विकू? ईबे, विंटेड, की फेसबुक मार्केटप्लेस?

वस्तूवर अवलंबून आहे.

मोठं आणि जड असेल, म्हणजे खेळण्यातलं किचन, स्कूटर, बाहुलीचं घर, तर फेसबुक मार्केटप्लेस किंवा गमट्री ही छोट्या जाहिरातींची साइट, माणूस येऊन घेऊन जातो, पोस्टाची भानगड नाही. कपडे, पुस्तकं, लहान खेळणी यांना विंटेड सोपं पडतं, विकणाऱ्याला फी नाही, लेबल तयार मिळतं आणि पार्सल जवळच्या लॉकरमध्ये किंवा दुकानात टाकून यायचं. ज्याला शोधणारे लोक देशभर पसरलेत, उदाहरणार्थ सील न तोडलेला लेगोचा सेट, पोकेमॉनची कार्डं, एखाद्या मालिकेतली ठरावीक बाहुली, त्याला ईबे अजूनही सगळ्यात चांगलं, कारण तिथे लोक सेटचा नंबर टाकूनच शोधत येतात. ईबेने ऑक्टोबर २०२४ पासून यूकेतल्या खासगी विक्रेत्यांची विक्री फी काढून टाकली, गाड्यांसारखे अपवाद सोडून, आणि २०२५ मध्ये खरेदीदाराकडून बायर प्रोटेक्शन फी घ्यायला सुरुवात केली. म्हणजे तुम्ही १५ पौंड लावले की समोरच्याला त्याहून थोडी जास्त किंमत दिसते, ते लक्षात ठेवून आकडा लावा. आणि अकाउंट मोठ्या माणसाचंच हवं, विंटेड आणि ईबे दोन्हीकडे वय १८ लागतं.

आपल्या ओळखीच्या मराठी ग्रुपवर टाकायलाही हरकत नाही, तिथे किंमत कमी येते पण मुलाला खेळणं कोणाकडे गेलं ते माहीत असतं आणि कधीकधी तेच त्याला जास्त आवडतं.

लगेच विकायचं की थांबायचं?

बॉक्सिंग डेच्या सेलमध्ये तेच खेळणं दुकानात अर्ध्या किमतीत असेल तर तुमच्याकडून कोण घेणार? म्हणून आधी दुकानातली आजची किंमत बघा. सगळीकडे स्टॉक संपलेलं, त्या सीझनचं गाजलेलं खेळणं असेल तर आठवडा संपताच टाका, कारण एकदा दुकानात परत माल आला की मागणी बसते. जे साधं आहे, सीलबंद आहे, त्याला घाई नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लोक पुढच्या ख्रिसमसची खरेदी सुरू करतात तेव्हा त्याच वस्तूला जानेवारीपेक्षा बरा भाव येतो. बंद झालेल्या, म्हणजे कंपनीने बनवणं थांबवलेल्या लेगो सेट्सचे भाव तर बरेचदा मूळ किमतीच्या वर जातात, फक्त खोकं कोरड्या जागी ठेवा, इथल्या लॉफ्टमध्ये आणि गॅरेजमध्ये दमट हवेने पुठ्ठा लाटांसारखा फुगतो.

आणि विकायच्याही आधी एक सोय बघा. इथे अख्ख्या वर्गाला वाढदिवसाला बोलावतात, वर्गात तीसेक मुलं, म्हणजे वर्षभर दर दोन-तीन आठवड्यांनी एक प्रेझेंट लागतंच. डबल आलेली चांगली गिफ्ट्स त्यासाठी एका खणात ठेवा. प्रत्येकावर चिठ्ठी मात्र चिकटवा, कोणी दिलं आणि कधी, नाहीतर ज्या मुलाच्या आईने दिलं त्याच मुलाच्या पार्टीत ते परत जाईल.

किंमत कशी ठरवू?

लोक किती मागतायत ते बघू नका, कितीला विकलं गेलं ते बघा. ईबेवर फिल्टरमध्ये सोल्ड आयटम्स टिक केलं की खरे आकडे दिसतात. त्यातले वरचे दोन आणि खालचे दोन सोडा, मधल्यांच्या आसपास लावा. खोकं उघडलं असेल तर सरळ कमी करा. मार्केटप्लेसवर घासाघीस होणारच, आपण मंडईत करतो तशीच, म्हणून थोडी जागा ठेवून लावायचं. लिलावाच्या भानगडीत साध्या खेळण्यासाठी पडू नका, एकच बोली आली तर ९९ पेन्सला द्यावं लागतं.

फोटो आणि माहिती कशी लिहायची?

जानेवारीत चार वाजता अंधार पडतो, ऑफिसमधून आल्यावर ट्यूबच्या उजेडात काढलेले फोटो पिवळट येतात आणि खेळणं जुनं दिसतं, म्हणून शनिवार-रविवारी दुपारी खिडकीपाशी काढा, मागे साधी चादर. खोक्याच्या सहाही बाजू, बारकोड, सेटचा नंबर, आणि खोकं ज्या पारदर्शक गोल स्टिकरने बंद असतं तो स्टिकर अगदी जवळून. तो स्टिकर शाबूत दिसला की लोक न विचारता घेतात, नखाने थोडा उचकटलेला असला तरी फोटोत दाखवा आणि लिहा.

गिफ्टवर चिकटवलेलं "टू अमुक, लव्ह फ्रॉम तमुक" लेबल खसकन ओढलं तर खोक्याचा रंग त्याच्याबरोबर निघतो. हेअर ड्रायरची गरम हवा थोडा वेळ मारा, एक कोपरा नखाने उचला आणि सावकाश, खोक्याला जवळजवळ समांतर ठेवत ओढा, चिकटा राहिलाच तर त्यावर सेलोटेपचा तुकडा दाबून उचला. पुस्तकाचं पहिलं पान उघडून बघा, आत कोणी मुलाचं नाव घालून काही लिहिलेलं असतं, तसं असेल तर ते पुस्तक घरातच ठेवा.

फोटोत मूल येता कामा नये, शाळेचा युनिफॉर्म, नावाचं दप्तर, घराचा नंबर, काहीच नाही. मागच्या आरशात आलंय का तेही बघा.

लिहिताना खरं लिहा. "नको असलेलं गिफ्ट, खोकं उघडलंय, सगळे भाग आहेत, मोजलेत" एवढं पुरतं, पण मग खरंच मोजा.

पोस्टाचा खर्चच जास्त होतो, काय करू?

पॅक करून मग मापं घ्या, आधी नाही. रॉयल मेलचं स्मॉल पार्सल म्हणजे ४५ बाय ३५ बाय १६ सेंटिमीटर आणि २ किलोपर्यंत, आणि सगळी मारामारी त्या १६ वर होते. खोकं १५ चं असलं की बाहेरचं पॅकिंग धरून ते १७ होतं आणि थेट मीडियम पार्सलच्या दरात जातं. पातळ पुस्तकं, कार्डांची पाकिटं अडीच सेंटिमीटरच्या आत बसली आणि ७५० ग्रॅमच्या आत राहिली तर लार्ज लेटर म्हणून जातात, ते स्वस्त पडतं. स्वयंपाकघरातला काटा वापरा.

प्लास्टिकची खिडकी असलेली बाहुलीची खोकी कोपऱ्यातून चेपतात, आणि जमवणाऱ्या माणसाला बाहुलीइतकंच खोकं महत्त्वाचं असतं. चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या पुठ्ठ्याचे तुकडे लावा, खिडकीवर सपाट पुठ्ठा ठेवा, मग बबल रॅप. ख्रिसमसला आलेल्या पार्सलांची खोकी घरात ढिगाने असतात, तीच वापरा, फक्त जुना पत्ता आणि बारकोड पूर्ण झाका, नाहीतर मशीन जुन्याच पत्त्यावर पाठवतं.

पोस्टात दिलं की प्रूफ ऑफ पोस्टेज मागून घ्या, फुकट असतं.

काय अजिबात विकू नये?

यावर मी ठाम आहे, पैसे गेले तरी चालतील.

खेळण्यावर सीई किंवा यूकेसीए मार्क, म्हणजे सुरक्षेची खूण, नसेल तर विकू नका, कोणालाही फुकटही देऊ नका. कुठल्यातरी अनोळखी वेबसाइटवरून स्वस्तात आलेल्या खेळण्यांत हे फार असतं. बटणासारख्या बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणं घरातही ठेवू नका, ती बॅटरी गिळली तर काही तासांत अन्ननलिका जाळते. लहान ताकदवान मॅग्नेटचे गोळे, पाण्यात टाकल्यावर फुगणारे मणी, हेही नको, एकाहून जास्त मॅग्नेट पोटात गेले तर आतडी मध्ये चिमटून चिकटतात. जीओव्ही डॉट यूकेवर प्रॉडक्ट रिकॉल्सची, म्हणजे धोक्याच्या म्हणून परत मागवलेल्या वस्तूंची, यादी आहे, खेळण्याचं नाव आणि मॉडेल नंबर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात.

सायकलचं हेल्मेट आणि कार सीट सीलबंद नसेल तर विकू नका, आधी आपटलंय का हे बाहेरून कळत नाही आणि घेणाऱ्याने तुमच्या शब्दावर पोराचं डोकं सोपवायचं हे बरोबर नाही.

खेळण्यातल्या मेकअपच्या किटमध्ये नेलपॉलिश, परफ्यूम असेल तर पोस्टाचे नियम आधी वाचा. सुट्या लिथियम बॅटऱ्या पोस्टाने पाठवताच येत नाहीत, यंत्रात बसवलेली असेल तर ठरावीक अटींवर चालते.

टॅब्लेट, गेम कन्सोल, मुलांचं स्मार्टवॉच असेल तर?

एकदाही चालू केलं असेल तर आधी अकाउंट काढा, मग फॅक्टरी रीसेट करा, हा क्रम उलटा केला तर काही यंत्रं जुन्या अकाउंटला कुलूपबंद राहतात आणि घेणाऱ्याला काहीच करता येत नाही. मुलाचे फोटो, आवाज, लोकेशन सगळं त्यात असतं, स्मार्टवॉचचं ॲपही फोनवरून काढा. गेमच्या खोक्यातला डाउनलोड कोड वापरलेला असेल तर तसं स्पष्ट लिहा. सिरियल नंबरचा फोटो स्वतःजवळ ठेवा, कोणी जुनं खराब यंत्र परत पाठवून "हेच तुम्ही दिलं" म्हणालं तर तोच पुरावा.

फसवाफसवी कशी ओळखायची?

मार्केटप्लेसवरची सगळ्यात ठरलेली पद्धत अशी. समोरचा भाव न करता लगेच हो म्हणतो, "मी बाहेरगावी आहे, कुरिअरवाला पाकिटात रोख घेऊन येईल, फक्त तुमचा ईमेल द्या". मग कुरिअर कंपनीच्या नावाने ईमेल येतो, इन्शुरन्सचे पैसे आधी भरा, नंतर परत मिळतील, किंवा लिंक उघडून कार्डचा नंबर टाका. कुरिअर कंपन्या लोकांच्या खेळण्यांचे रोख पैसे पाकिटातून पोचवत नाहीत. असं वाक्य दिसलं की ब्लॉक करा.

दुसरी पद्धत, "मी पैसे पाठवले, हा स्क्रीनशॉट बघा". स्क्रीनशॉट बघायचा नाही, स्वतःच्या बँकेचं ॲप उघडून पैसे आलेत का बघायचं, आल्यावरच वस्तू हातात द्यायची, समोर पोराला घेऊन कोणी बाई उभी असली तरी. आणि ईबे-विंटेडवर कोणी "व्हॉट्सॲपवर बोलू" म्हणालं तर नाही म्हणा, बाहेर गेलात की त्या साइटचं संरक्षण संपतं.

घ्यायला येणार असतील तर दिवसाउजेडी, शक्यतो सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये भेटा. मोठी वस्तू असेल तर दारात द्या, आत बोलवायची गरज नाही.

खासगी विक्रेत्याला वस्तू परत घ्यावी लागते का?

मन बदललं म्हणून नाही. पण लिहिलंय तशी नसेल तर हो, "सीलबंद" लिहून सील फुटलेलं निघालं तर पैसे परत जाणारच. विंटेडवर पार्सल पोचल्यावर दोन दिवसांत घेणाऱ्याला तक्रार करता येते, त्यानंतर पैसे तुमच्याकडे येतात. म्हणून ते पैसे लगेच खर्चाच्या हिशोबात धरू नका.

एचएमआरसीला (इथल्या टॅक्स खात्याला) कळवावं लागतं का? टॅक्स बसतो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त घाबरून विचारला जातो, विशेषतः व्हिसावर असलेली मंडळी फार काळजीत असतात. घरातल्या स्वतःच्या नको असलेल्या वस्तू विकणं म्हणजे धंदा नाही आणि त्यावर इन्कम टॅक्स बसत नाही. एखादी एकच वस्तू ६,००० पौंडांच्या वर गेली तर कॅपिटल गेन्सचा, म्हणजे वस्तू विकून झालेल्या नफ्यावरच्या टॅक्सचा, विचार येतो, पण खेळण्यांत ते होत नाही.

गोंधळ झाला तो १ जानेवारी २०२४ पासून. तेव्हापासून ईबे, विंटेडसारख्या साइट्सना विक्रेत्यांची माहिती गोळा करावी लागते आणि एका कॅलेंडर वर्षात ३० किंवा जास्त वस्तू विकल्या किंवा २,००० युरोंच्या वर, म्हणजे साधारण १,७०० पौंड मिळाले, तर ती एचएमआरसीला द्यावी लागते. म्हणून ते नॅशनल इन्शुरन्स नंबर मागतात. माहिती गेली म्हणजे टॅक्स लागला असं नाही, नवीन टॅक्स काही आलेला नाहीये.

विकण्यासाठीच विकत घेतलं तर मात्र धंदा. सेलमध्ये दहा लेगो सेट घेऊन नफ्याने विकलेत तर टॅक्स वर्षात, ६ एप्रिल ते ५ एप्रिल, १,००० पौंडांपर्यंतची एकूण विक्री ट्रेडिंग अलाउन्समध्ये, म्हणजे छोट्या धंद्याला मिळणाऱ्या टॅक्समाफीत, बसते, वर गेली तर कळवायला लागतं. व्हिसावर असाल तर धंदा करायची परवानगी आहे का ते आधी तपासा.

देणाऱ्याला कळलं तर?

मार्केटप्लेसवर लिस्टिंग टाकताना मित्रांपासून लपवायचा पर्याय असतो, तो चालू करा. पण जवळची माणसं असतील तर सरळ सांगणं मला जास्त बरं वाटतं. "आत्या, तेच पझल शाळेतल्या मित्रानेही दिलं, म्हणून एक बदलून ओवीने रंग घेतले, हा बघ तिने काढलेला मोर" असं सांगून फोटो पाठवला तर कुठल्याही आत्याला वाईट वाटत नाही. पुढच्या वर्षी ती आधी विचारूनच पाठवते.

आलेल्या पैशाचं काय करायचं?

ते मुलाचे. घरखर्चात घालू नका, पाच पौंड असले तरी. थोडी रक्कम असेल तर डबा किंवा मुलांचं बँक खातं बरं. ज्युनियर आयसामध्ये, म्हणजे मुलांच्या टॅक्स न लागणाऱ्या बचत खात्यात, वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत टाकता येतात पण ते मूल १८ वर्षांचं होईपर्यंत काढता येत नाहीत, सात वर्षांच्या पोराला "तुझे पैसे आहेत, अकरा वर्षांनी मिळतील" हे काही पटत नाही.

विकण्यापेक्षा भारतात भाच्यांना नेऊ का?

नेता येतं की, फक्त इथला तीन पिनांचा चौकोनी प्लग तिकडे बसत नाही, सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायच्या, आणि बोलणारं खेळणं इंग्लंडच्या उच्चारात बोलतं हे दोन वर्षांच्या भाच्याला झेपेल का बघा. खोकं काढून टाकलं तर बॅगेत निम्मी जागा वाचते.

कोणीच घेतलं नाही तर?

किंमत एकदा कमी करून बघा, मग चॅरिटी शॉप. ऑक्सफॅम, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, बर्नार्डोज ही सगळी दुकानं खेळणी घेतात पण सेफ्टी मार्क बघतात, म्हणून खोकं किंवा लेबल असेल तर बरोबर द्या आणि जाण्याआधी फोन करा, कारण जानेवारीत सगळेच आणून टाकतात आणि मागची खोली भरलेली असते. यूकेत टॅक्स भरत असाल तर गिफ्ट एडचा फॉर्म भरा, वस्तू विकून आलेल्या दर पौंडामागे त्यांना सरकारकडून २५ पेन्स जास्त मिळतात. हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डात द्यायचं मनात असेल तर तिथे बहुधा नवीन, सीलबंदच घेतात, तेही आधी विचारून. आणि जाताना पोराला बरोबर न्या, पिशवी काउंटरवर त्यालाच ठेवू द्या.